गाडी कोण चालवतो?

दुसऱ्याच्या हालचालीचे नियंत्रण जो आपल्या हाती घेतो, त्याच्याकडे त्या हालचालीच्या परिणामांचे उत्तरदायित्व कितपत येते, हा न्यायशास्त्रातला एक जुना प्रश्न आहे. वकिली करताना हा प्रश्न मी अनेकदा दुसऱ्यांच्या वतीने मांडला आहे. तो माझ्यावरच उलटला, आणि तोही एका खेळण्याच्या निमित्ताने, म्हणून ही हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे.

माझ्या चार वर्षांच्या भाच्याला त्याच्या आजोबांनी वाढदिवसाला विजेवर चालणारी, आत बसून चालवायची गाडी दिली. आसनाखाली १२ व्होल्टची बंदिस्त बॅटरी, मागच्या चाकांना लहानशा मोटरी, हाती सुकाणूचे चाक आणि पायाशी एकच पेडल, अशी तिची रचना. पेडल दाबले की गाडी चालते, पाय उचलला की थांबते. याखेरीज वडीलधाऱ्यांच्या हाती ठेवण्यासाठी एक रिमोट येतो. त्याने गाडी पुढे, मागे, डावी, उजवी कशीही नेता येते. आणि रिमोटची आज्ञा मुलाच्या पेडलाहून वरचढ असते. मूल पेडल दाबून असले तरी रिमोटवरची थांबण्याची कळ दाबताच गाडी जागच्या जागी उभी राहते.

अदृश्य हाताने वस्तू चालवण्याची ही कल्पना काही आजची नव्हे. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला याने एका हौदातली छोटी नौका रेडिओलहरींनी फिरवून दाखवली, तेव्हा पाहणाऱ्यांना ती जादू वाटली होती. त्या नौकेत मात्र कोणी बसलेले नव्हते. आमच्या गाडीत एक जीव बसलेला असतो, आणि गाडी आपणच चालवतो अशी त्याची श्रद्धा असते. सारा नैतिक प्रश्न या एका फरकातून उद्भवतो.

आमच्या घराचे अंगण मोठे. मध्ये तुळशीवृंदावन, आणि त्याच्या पलीकडे रस्त्याकडे उतरणाऱ्या चिऱ्यांच्या तीन पायऱ्या. रोज संध्याकाळी भाचा गाडीत बसे आणि मी सोप्यावर बसून रिमोट सांभाळी. तो पायऱ्यांच्या दिशेने निघाला की मी कळ दाबावी, गाडी थांबावी आणि त्याने मोठ्याने हसावे, असा क्रम महिनाभर चालला. एका संध्याकाळी मी कळ दाबली आणि गाडी थांबली नाही. पुन्हा दाबली. गाडी तशीच पुढे गेली, वृंदावनाच्या कट्ट्याला घासून आदळली आणि तेथे अडकली. मुलाच्या हनुवटीला थोडे खरचटले, इतकेच. परंतु गाडी हातभर उजवीकडे असती तर ती पायऱ्यांवरून खाली गेली असती, हे मला दिसत होते.

मनुष्य घाबरला म्हणजे प्रथम अपराधी शोधतो. मी धावत जाऊन मुलाला उचलले आणि त्याच क्षणी निकाल दिला, "रिमोट तूच आपटलास ना?" तो रडत म्हणाला, "मामा, हांवें तें मोडूंक ना." मी ऐकले नाही. आरोपीचे म्हणणे ऐकल्यावाचून शिक्षा देऊ नये, हे तत्त्व न्यायालयात शेकडो वेळा सांगणाऱ्या माणसाने आपल्या अंगणात ते पाच पळेही पाळले नाही. गाडी आठ दिवस बंद, अशी शिक्षा मी सुनावली.

रात्री सारे निजल्यावर मी गाडी आणि रिमोट घेऊन बसलो. प्रथम रिमोटमधले सेल पाहिले. ते नवे होते. आदल्याच दिवशी मी ते बदलले होते. कळ दाबली की रिमोटवरचा दिवा लागत होता, परंतु दिवा लागणे म्हणजे आज्ञा पोचणे नव्हे. मग मोठी बॅटरी. अशी बॅटरी स्वस्थ असताना पूर्ण व्होल्ट दाखवते आणि ओझे पडताच ढासळते. म्हणून चाके उचलून, पेडल दाबून तिची परीक्षा घेतली. ती ठणठणीत होती. आसनाखालच्या तारांचे जोड घट्ट होते. पेडलाने गाडी चालत होती, याचा अर्थ मोटरी आणि मुख्य बटण निर्दोष. राहिला तो रिमोट आणि गाडी यांच्यातला संबंध.

शेवटी, जी प्रथम वाचायला हवी होती ती माहितीपुस्तिका मी उघडली. पूर्वीची पुष्कळशी खेळणी २७ मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालत आणि शेजारच्या मुलाच्या रिमोटनेही कधी कधी आपली गाडी हले. आताचे रिमोट बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि गाडी केवळ आपल्याशी जुळवलेल्या रिमोटचेच ऐकते. ही जुळणी एकदा करून द्यावी लागते. आणि आमच्या गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले होते की, रिमोटचे सेल बदलल्यास ती पुन्हा करावी. गाडी बंद करायची, रिमोटवरची ठरावीक कळ दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायची, मग गाडी सुरू करायची. दिवा स्थिर झाला की जुळणी झाली. मी तसे केले. दिवा स्थिर झाला. थांबण्याची कळ दाबताच अधांतरी फिरणारी चाके थांबली.

रिमोट मोडला नव्हता. मुलाने तो आपटला नव्हता. सेल मी बदलले होते, पुस्तिका मी वाचली नव्हती, आणि मुलाला गाडीत बसवण्यापूर्वी एकदा कळ दाबून पाहण्याचे कष्टही मी घेतले नव्हते.

कायदा या बाबतीत माझ्याहून सुज्ञ आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ८२ व्या कलमाने सात वर्षांखालील बालकाचे कोणतेही कृत्य अपराध मानले नव्हते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २० व्या कलमाने तेच तत्त्व कायम ठेवले आहे. उलट २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९९ अ पाहा. अल्पवयीनाने वाहन चालवून अपराध केला तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. आपल्या नकळत तसे घडले, किंवा ते टाळण्यासाठी आपण योग्य ती सारी खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो. अंगणातल्या खेळण्याला ते कलम लागू नाही. परंतु त्यामागचा न्याय अंगणालाही लागू आहे : ज्याच्या हाती नियंत्रण, त्याच्या माथी उत्तरदायित्व.

तथापि माझा खरा दोष याहून खोल होता, आणि तो मला पहाटे उमगला. गाडी कट्ट्याकडे जात असताना मुलाने पेडलावरून पाय का उचलला नाही? पाय उचलणे ही काही कठीण गोष्ट नव्हे. त्याने तो उचलला नाही, कारण उचलण्याची गरज त्याला महिनाभर कधी पडलीच नव्हती. प्रत्येक वेळी गाडी आपोआप थांबत आली होती. थांबणे हे आपले काम आहे, हे त्याला ठाऊकच नव्हते. त्याला जपता जपता मी त्याचा लगाम माझ्या खिशात ठेवला होता. आणि ज्या दिवशी माझा लगाम तुटला, त्या दिवशी आम्हा दोघांपैकी कोणाच्याच हाती लगाम उरला नाही.

मुलाला आपण गाडी चालवतो असे वाटू देणे ही फसवणूक आहे काय? आपल्या परंपरेत देहाला रथाची आणि बुद्धीला सारथ्याची उपमा कठोपनिषदाने दिली आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात तर यंत्रावर चढलेल्या भूतमात्राला हृदयस्थ ईश्वर फिरवतो, असेही सांगितले आहे. मग मुलाच्या यंत्राला मामाने फिरवले तर बिघडले कोठे, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे, की मामा ईश्वर नव्हे. त्याचे सेल संपतात. शिवाय त्याच अध्यायात, सारे सांगून झाल्यावर, श्रीकृष्ण अर्जुनाला विचारपूर्वक इच्छेस येईल तसे करण्यास सांगतो. कुरुक्षेत्रावरचा सारथी रथाच्या पुढे, रथ्याला दिसेल असा बसला होता. लगाम कोणाच्या हाती आहे हे अर्जुन जाणत होता, आणि धनुष्य उचलायचे की नाही हा निर्णय त्याचाच राहिला. दिसणारे मार्गदर्शन शिष्याला मोठे करते. लपून केलेले नियंत्रण, हेतू कितीही शुद्ध असला तरी, त्याला लहानच ठेवते. वयात आलेल्या मुलामुलींचे शिक्षण, विवाह आणि व्यवसाय आपण ज्या रीतीने ठरवतो आणि वर 'निर्णय तुझाच' असे म्हणतो, तेथेही हाच रिमोट आपल्या हाती असतो, हे वाचकांना मी सांगायला नको.

सकाळी मी भाच्याजवळ बसलो आणि चूक माझी होती, तुझी नव्हती, असे त्याला सांगितले. शिक्षा रद्द केली. मग रिमोट त्याच्या हाती देऊन, गाडी मी कशी थांबवीत असे तेही दाखवले. तो बराच वेळ त्या कळीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "मामा, मागीर गाडी कोण चलयता?"

या प्रश्नाला माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. आम्ही दोघांनी मिळून एक करार केला. सुकाणू त्याचे. रिमोटने मी गाडी वळवायची नाही. पायऱ्यांपासून दूर, विटेने आखलेल्या रेघेपाशी पाय उचलून त्याने स्वतः थांबायचे. त्याला जमले नाही तरच मी कळ दाबायची, आणि दाबली की मोठ्याने तसे सांगायचे. गाडीत बसण्यापूर्वी रिमोट चालतो की नाही हे रोज दोघांनी पाहायचे. पहिल्या दिवशी मला चार वेळा सांगावे लागले. आठवड्याने एकदाच. आता तो रेघेच्या अलीकडे थांबतो आणि मागे वळून मी कळ दाबली की काय, हे पाहतो. मी दोन्ही हात वर करून दाखवतो.