फॉस्फरस विचारायचा राहतो

फेंगड्या पायांचं मूल घेऊन आलेली आई बहुतेकदा आधी स्वतःची बाजू मांडते. दूध देते, नाचणीचं सत्त्व देते, कोवळ्या उन्हात बसवते. ड जीवनसत्त्वाच्या पुड्या झालेल्या असतात, कॅल्शियमची बाटली चालू असते. बहुतेक मुलांचा मुडदूस एवढ्यावर बरा होतो. उरलेल्या मोजक्या मुलांनी मला, एका बालरोगतज्ज्ञाला, हाडाकडे नव्यानं पाहायला लावलं.

अशा मुलाच्या मनगटाच्या एक्स-रेत हाडाचं टोक बशीसारखं खोलगट आणि कडेला विसविशीत दिसतं. तिथल्या वाढीच्या पट्टीत कूर्चेच्या पेशी एकाखाली एक रांगेनं उभ्या असतात. तळाशी त्या फुगतात, आणि मग त्यांनी मरायचं असतं. त्यांच्या जागी रक्तवाहिन्या शिरतात, हाड मांडलं जातं. या मरणाला फॉस्फेट लागतं; पेशीच्या आवरणातली वाहक प्रथिनं सोडियमच्या जोडीनं ते आत ओढतात. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की फॉस्फेट कमी पडलं तर या फुगलेल्या पेशी मरतच नाहीत. रांग लांबत जाते, कूर्चा मऊच राहते. म्हणजे फॉस्फेट हा हाडाचा नुसता माल नाही; काम कधी सुरू करायचं हेही तेच सांगतं. फॉस्फेट सुटं करणाऱ्या हाडातल्या विकराकडे रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२३मध्येच बोट दाखवलं होतं. तरी लोकांच्या तोंडी कॅल्शियमच राहिलं. जाहिरातींचाही त्यात हात आहेच.

या मुलांत फॉस्फेटची गळती असते ती किडनीत. एक्स गुणसूत्रावरच्या फेक्स जनुकात दोष असला की हाडातल्याच पेशी एफजीएफ-२३ हे संप्रेरक जास्त सोडतात. किडनीतले फॉस्फेट परत घेणारे वाहक त्यानं कमी होतात आणि फॉस्फेट लघवीवाटे निघून जातं. हाडानंच आपला माल बाहेर टाकायला सांगावं, याचं मला अजून नवल वाटतं. ड जीवनसत्त्वाला दाद न देणारा मुडदूस फुलर अल्ब्राइट यांनी १९३७मध्ये नोंदवला. हे संप्रेरक सापडायला २००० साल उजाडलं.

निदान मात्र साध्या रक्ततपासणीवर अडतं. कॅल्शियम सगळे लिहितात, फॉस्फरस राहून जातो. केला तरी अहवालात पुष्कळदा मोठ्यांची मर्यादा छापलेली असते, २.५ ते ४.५. तीन वर्षांच्या मुलाचा २.८ त्यात ‘नॉर्मल’ म्हणून खपतो; त्या वयाला तो कमी आहे. दोष आईकडूनही आलेला असू शकतो, म्हणून अशा वेळी मी आईलाही चार पावलं चालायला सांगतो, दातांचं विचारतो. उंची बेताची, कीड नसताना हिरडीला गळू येतं, असं निघालं तर धागा सापडतो.

एफजीएफ-२३ला अडवणारं बुरोसुमॅबचं इंजेक्शन परदेशात २०१८मध्ये मंजूर झालं, पण त्याची किंमत आपल्याकडच्या बहुतेक घरांना झेपणारी नाही. म्हणून फॉस्फेटचं द्रावण आणि सोबत कॅल्सिट्रायॉल, म्हणजे ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप. द्रावण दिवसातून चार-पाच वेळा, कारण रक्तातली पातळी काही तासांतच उतरते, आणि एकदम जास्त दिलं तर जुलाब लागतात. एक मात्रा हमखास शाळेच्या वेळेत येते. ती कोण पाजणार, हे मी चिठ्ठी लिहिण्याआधी विचारून घेतो.