एकट्याचा बँड

घरच्या खोलीत एकच माणूस ड्रम, बेस, गिटार, गळा असं सगळं एकावर एक रेकॉर्ड करून क्वीन या बँडचं 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' उभं करतो, तेव्हा त्याला सहवादन म्हणावं का? माझ्या मते नाही. बेस वाजवताना तो आधी भरलेले ड्रम हेडफोनमधून ऐकतो. ते ड्रम मात्र त्याला ऐकत नाहीत. तो किंचित रेंगाळला, तर सावरून घ्यायला पलीकडे कोणी नसतं. मूळ गाणं तरी एका दमात कुठे वाजलं होतं, असं कोणी म्हणेल. खरंय. १९७५ साली त्यातला ऑपेराचा भाग बँडमधल्या तिघांच्याच आवाजांचे थर चढवून २४ ट्रॅकच्या टेपवर घडला. मंचावरही तो टेपवरूनच वाजे. पण त्या थरांना नाकं मुरडायला इतर कान हजर होते.

प्रत्येक गोष्ट क्षणभरच टिकते असं मानणाऱ्या क्षणभंगवादी बौद्धाचा आक्षेप जास्त वजनदार (आणि गमतीचाही): कालचा ड्रमर आणि आजचा बेसवादक एक नव्हेतच, मग दोघं झाले की! झाले, मान्य. तरी कालचा आजच्याला उत्तर देऊ शकत नाही, आणि ड्रम पुन्हा वाजवले तरी निवाडा त्याच कानांचा राहतो. अशी कव्हरं जरूर ऐकावीत. दाद मात्र एका कारागिराला द्यावी, बँडला नव्हे.