नावेचं छिद्र

संसारात राहावं पण संसार आत शिरू देऊ नये, हे समजावताना आमच्याकडचे कीर्तनकार नावेचा दृष्टान्त देतात. नाव पाण्यात असावी, पाणी नावेत नसावं. रामकृष्ण परमहंसांच्या नावाने तो सांगितला जातो. गीतेच्या पाचव्या अध्यायातलं, पाण्याने न भिजणारं कमळाचं पान त्याच कुळातलं. मी अकोल्यात मोटारींच्या रिवाइंडिंगचं काम करतो. विहिरीवरच्या आणि बोअरच्या, शेतकऱ्यांच्या मोटारी. पाणी आणि वीज यांनी शेजारी राहावं पण एकमेकांना शिवू नये, एवढ्यासाठी माझे हात राबत आले आहेत. त्यामुळे हा दृष्टान्त मला फार जवळचा. पण तो उभ्या नावेचा दृष्टान्त आहे, आणि आपल्यापैकी कुणाचीच नाव उभी नाही.

अमरावतीला इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा आणि त्याचे सोबती रिमोटवर चालणाऱ्या शर्यतीच्या बोटी बनवतात आणि सुट्टीत माझ्याकडे घेऊन येतात. दोन फुटांची फायबरची बोट, आत मुठीत मावेल अशी ब्रशलेस मोटर, तिला हवी तेवढीच वीज सोडणारा स्पीड कंट्रोलर, तीन सेलची 11.1 व्होल्टची लिथियम पॉलिमर बॅटरी. मोटारीवर 2000 केव्ही लिहिलेलं असेल तर दर व्होल्टमागे 2000 फेरे, म्हणजे ओझं नसताना मिनिटाला 22 हजारांवर. विहिरीवरची आमची मोटर 2,900 च्या आतच फिरते. बॅटरी पुढेमागे सरकवून बोटीचा तोल लावायचा असतो, मागच्या टोकापासून लांबीच्या साधारण 30 टक्क्यांवर. भार पुढे गेला तर नाक पाणी नांगरत जातं, मागे गेला तर नाक उधळतं आणि बोट पालथी पडते. हे सगळं पोरांना येतं. त्यांचं अडतं ते पाण्यापाशी. रिसीव्हर फुग्यात घालून फुग्याचं तोंड आवळलेलं, झाकणाच्या कडेने टेप, सांध्यांत सिलिकॉन, रडरच्या दांड्याला रबरी बूट. तरी अमरावतीच्या छत्री तलावावर चार फेऱ्या मारल्या की बोटीत पाणी.

"मामा, पाणी कोठून येते थेच समजून नाही राह्यलं."

मी विचारलं, "उभी असताना येते, का चालवल्यावर?"

"चालवल्यावरच."

मोटर आत असते आणि पंखा बाहेर, पाण्यात. आतली शक्ती बाहेर न्यायची तर बोटीला एक छिद्र पाडावंच लागतं. त्या छिद्रात पितळेची नळी, नळीत तारांचा पीळ दिलेला लवचीक शाफ्ट. बाकी सगळी भोकं सिलिकॉनने बुजवता येतात, हे बुजवता येत नाही. बुजवलं तर बोट कोरडी राहील, पण जागची हलणार नाही. नळीत ग्रीस भरायचं, एवढाच उपाय. ते ग्रीसही शाफ्टाच्या वेगाने बाहेर फेकलं जातं, म्हणून दर दिवसाच्या खेळानंतर शाफ्ट ओढून काढायचा, पुसायचा, नवं ग्रीस लावून परत बसवायचा. आणखी एक गोष्ट मला त्या पोरांकडूनच कळली. जोर आला की या शाफ्टाचा पीळ घट्ट होतो आणि तो लांबीला आखूड होतो. म्हणून मागच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर फट मोकळी सोडावी लागते. ती न सोडता सगळं नीट जुळवून बसवलं, तर ऐन वेगात शाफ्ट स्वतःलाच जाम करतो.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. माणूस ज्या वाटेने जगात काही करतो, त्याच वाटेने जग त्याच्यात शिरतं. ही दोन वेगळी दारं नाहीत. आई मुलाला वाढवते ते ज्या जागेतून, काळजी तिथूनच आत येते. मास्तर ज्या तोंडाने शिकवतो, त्या तोंडाला मिळालेली वाहवा त्याच वाटेने त्याच्यात उतरते. ही वाट बंद करा असं जे सांगतात, ते माणसाला कर्म सोडायला सांगतात, आणि गीता तर अर्जुनाला रथावरून उतरू देत नाही. मग कमळाच्या पानाचं काय करायचं? मला ते पान खोटं वाटत नाही. पण पान जागेवर असतं. त्याला शाफ्ट नाही.

जुन्या सेंट्रिफ्युगल पंपाला ग्लँड असतो. शाफ्ट बाहेर येतो तिथे दोरीचे वेढे भरून वरून नट आवळतात. नवा पोरगा कामाला लागला की गळती दिसली रे दिसली की नट आवळत सुटतो. त्याला पहिला धडा हा द्यावा लागतो की ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडलंच पाहिजे. तो थेंबच दोरीला थंड ठेवतो. पूर्ण आवळलास तर दोरी जळेल आणि शाफ्टावर चरे पडतील. कडकडीत वैराग्याचा निश्चय करून घरच्यांशी बोलणं टाकलेली माणसं मी पाहिली आहेत. बाहेरून एक थेंब दिसत नाही, आणि आत जळलेलं असतं.

शर्यतीच्या बोटीत तर पाणी मुद्दाम आत घेतात. पंख्याच्या मागे किंवा रडरमध्ये बारीक नळी बसवलेली असते. बोटीच्या वेगानेच तिच्यात पाणी चढतं, सिलिकॉनच्या नळीतून कंट्रोलरला आणि मोटारीभोवतीच्या आवरणाला वळसा घालतं आणि कडेच्या भोकातून बाहेर पडतं. ती धार दिसते तोवर ठीक. तलावातलं शेवाळ नळीत अडकून धार थांबली, की थोड्याच वेळात कंट्रोलर जातो. म्हणजे जे पाणी मोकळं सुटलं तर बोट बुडवेल, तेच बांधलेल्या वाटेने सर्वांत तापलेल्या जागेपर्यंत नेलं नाही तर बोट जळेल.

हे मला गाडगे बाबांकडे पाहून समजतं. शेंडगावचे बाबा, अमरावती जिल्ह्यातले. 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ त्यांनी देह ठेवला आणि समाधी अमरावतीत आहे. खारेपाटणच्या कीर्तनात असताना मुलगा गेल्याची बातमी आली आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ऐकणारे म्हणतात, केवढी अलिप्तता! मला नाही तसं वाटत. आंधळ्या-पांगळ्यांसाठी, कुष्ठरोग्यांसाठी, जनावरांसाठी ज्याचं काळीज रोज ओलं होत होतं, तो माणूस मुलासाठी कोरडा राहिला असेल हे मला पटत नाही. दुःख आत आलं, अगदी तापलेल्या जागेपर्यंत गेलं, आणि कीर्तनाच्या वाटेने बाहेर पडलं. साचलं मात्र नाही. त्यांनी पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः त्यांत मुक्काम धरला नाही, त्याचाही अर्थ मी असाच लावतो.

आणखी एक मार्ग आहे, आणि तो माझ्या धंद्यातला. बोअरची सबमर्सिबल मोटर खाली सोडण्याआधी आपण तिच्यात स्वतः स्वच्छ पाणी भरतो. ती शेकडो फूट खोल पाण्यात बुडालेली असते आणि तिच्या पोटातही पाणीच असतं. तरी ती चालते, कारण तिच्या तारेच्या प्रत्येक वेढ्यावर प्लॅस्टिकचं जाड वेष्टण आहे. सुक्या मोटारीची तार निव्वळ इनॅमलची. ती तिथे टिकणार नाही. पाणी भिंतीपाशी अडवणारी बोट आणि पाणी आत घेऊन तार-तार जपणारी बोअरची मोटर, असे हे दोन प्रकार. मठाला भिंत असते. घर चालवणाऱ्या बाईला ती नसते. सासर, माहेर, पोरं, शेतीचं कर्ज सगळं तिच्या आतच भरलेलं असतं. तिची साधना वेढ्यावेढ्याची आहे आणि ती मला मठातल्यापेक्षा अवघड वाटते. कीर्तनात तिचा दृष्टान्त कुणी देत नाही याचं मला वाईट वाटतं.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या लोकांना आणखी एक गोष्ट सांगावी लागत नाही. आमचा खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. तिथलं खारं पाणी बोटीत शिरलं आणि सुकलं तरी काम संपत नाही. पाणी उडून जातं, क्षार राहतो. पुन्हा दमट हवा आली की तोच क्षार ओल धरतो आणि तांब्याला कळंक चढतो. म्हणून खाऱ्या पाण्यातून काढलेली बोट आधी गोड्या पाण्याने धुवायची, मग वाळवायची. नुसतं वाळवणं पुरत नाही. राग शमला, पण त्याचा क्षार आत राहिला, तर पुढच्या पावसाळ्यात तो जागा होतो. शास्त्रात याला संस्कार म्हटलं आहे. रोजच्या नामस्मरणाचं काम मला गोड्या पाण्याने धुण्याचं वाटतं.

आता कृपेचं. शेगावच्या गजानन महाराजांच्या चरित्राचं, श्रीगजाननविजयाचं, पारायण आमच्याकडे घरोघरी होतं. दासगणूंनी तो ग्रंथ 1939 मध्ये पुरा केला. चौदाव्या अध्यायात सोमवती अमावास्येची गोष्ट आहे. ओंकारेश्वराहून परतताना महाराजांची आणि भक्तांची नाव खडकावर आदळते, तळाला छिद्र पडतं, नावाडी उड्या टाकतात. नाव तरीही तीराला लागते, कारण कोळिणीच्या रूपात आलेल्या नर्मदेने छिद्राला आपला हात लावलेला असतो. हा अध्याय ऐकून काहींना वाटतं, मग आपण ग्रीस कशाला भरायचं? भाच्याच्या एका मित्राने तर झाकणाच्या आत महाराजांचा फोटो चिकटवला होता, आणि नाकाच्या पोकळीत फोम मात्र भरला नव्हता. फोम यासाठी, की सगळे सील फसले आणि बोट पाण्याने भरली तरी ती तळाला जाऊ नये. मी फोटो काढायला सांगितला नाही. फोम भरून घेतला.

मला त्या गोष्टीत दोन बाबी फार मोठ्या वाटतात. आत घुसणारं पाणी नर्मदेचं होतं आणि छिद्रावरचा हातही नर्मदेचाच. बुडवणारी एक आणि तारणारी दुसरी, असं दासगणू सांगत नाहीत. तेव्हा संसाराला शत्रू मानून सुरू केलेली साधना मुळातच चुकीच्या जागी सील लावते. दुसरी बाब अशी की नर्मदेने नाव नवी केली नाही, फळी सांधून दिली नाही. तीर येईपर्यंत हात धरला. छिद्र होतंच. कृपा म्हणजे छिद्र नसणं अशी आशा धरणाऱ्याला हा अध्याय काहीही देत नाही. छिद्र असताना तीराला लागता येतं, एवढं तो देतो. आणि फोम भरणारा माणूस श्रद्धेत कमी पडतो असंही मी मानत नाही. माझं सील कधीतरी फसणार, हे आधी कबूल केल्याशिवाय कुणी फोम भरत नाही, आणि हात जोडायलाही तेच कबूल करावं लागतं.

कीर्तनकार महाराजांना माझी हात जोडून विनंती आहे. नावेचा दृष्टान्त सोडू नका, पण नाव चालती करा. शाफ्टाचं छिद्र सांगा, रोज बदलायचं ग्रीस सांगा, कडेने पडणारी धार सांगा. समोर मोटारी चालवणारे शेतकरी बसलेले असतात. त्यांना ते समजावून द्यावं लागणार नाही.