वाचलेल्यांचं काय झालं?

भयपटांच्या मालिकांची क्रमवारी लावायला बसलं की बहुतेक जण मारणाऱ्यांचीच तुलना करतात. मायकेल मायर्स मोठा की जेसन, फ्रेडी की चकी, कुणाचा मुखवटा जास्त भयंकर. मला हे मापच पटत नाही. मारणारा पुढच्या भागात येणारच, त्याच्या नावावर तर तिकिटं खपतात. मी वाट बघतो ती वाचलेल्याची. त्या रात्रीनंतर त्या मुलीला झोप लागली का? तिच्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवला का? घरात अवचित मृत्यू होतो, माणसं जमतात, तेराव्याचं जेवून पाहुणे आपापल्या गाड्या पकडतात आणि मग त्या घराची खरी रात्र सुरू होते. चांगला दुसरा भाग मला तिथून सुरू झालेला हवा असतो.

या मापाने ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ माझ्या यादीत तळाला जातो. १९८०च्या पहिल्या चित्रपटात क्रिस्टल लेकच्या शिबिरातून अ‍ॅलिस एकटी जिवंत सुटते. १९८१च्या दुसऱ्या भागात सुरुवातीलाच, तिच्याच स्वयंपाकघरात, तिला मारून टाकतात. मग मारेकरी शेगडीवर शिट्टी वाजवणारी किटली शांतपणे उचलून बाजूला ठेवतो. त्या किटलीने मला फार अस्वस्थ केलं. दीड तास जिच्यासाठी जीव मुठीत धरला, तिचा हिशेब इतक्यात मिटवला! १९९२च्या ‘एलियन ३’नेही हेच केलं. आधीच्या भागात रिप्लीने जिवावर उदार होऊन वाचवलेली न्यूट ही पोर तिथे चित्रपट सुरू होताहोताच मेलेली असते. मी त्या चित्रपटाला अजून माफ केलेलं नाही.

‘हॅलोवीन’चं स्थान मधलं. १९७८मध्ये लॉरी निव्वळ दुर्दैवाने मायकेलच्या वाटेत येते, आणि तीच त्या चित्रपटाची ताकद. १९८१मध्ये ती त्याची बहीण निघाली आणि निष्कारण भीतीला कारण चिकटलं. २००२मध्ये तिला सुरुवातीलाच मारलं. २०१८च्या चित्रपटाने मूळ चित्रपटानंतरचं सगळं पुसलं आणि चाळीस वर्षांनंतरची लॉरी दाखवली. घराचा किल्ला केलेली, बंदुकीशिवाय न राहणारी, जिची मुलगीही सरकारने तिच्यापासून काढून घेतली होती अशी बाई. पुढच्या दोन भागांत ते पातळ झालं, तरी ती आजी मनातून जात नाही.

सगळ्यात वर मी १९८३चा ‘सायको २’ ठेवतो. हिचकॉकच्या चित्रपटाला पुढचा भाग जोडणं हेच अनेकांना पाप वाटलं असेल. पण दिग्दर्शक रिचर्ड फ्रँकलिन आणि पटकथाकार टॉम हॉलंड यांनी साधा प्रश्न विचारला: बावीस वर्षांनी बरा ठरवून सोडलेला खुनी नॉर्मन बेट्स जगेल कसा? तो एका खानावळीत कामाला लागतो. मेरी नावाच्या तरुणीला घरी आसरा देतो, तिच्यासाठी सँडविच करतो. ते कापायला सुरी लागते, आणि सुरी घेताना तो अडखळतो. अँथनी पर्किन्सच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जी लाज आणि जी धडपड दिसते, तेवढी भीती मला कुठल्याही रक्तपाताने वाटलेली नाही. समोर लायला आहे, न्हाणीघरात मारल्या गेलेल्या मॅरियनची बहीण. तिला तो सुटलेला सहनच होत नाही, त्याला पुन्हा वेडा ठरवायला ती वाटेल ते करते. दोघांचंही आयुष्य त्या एका खुनापाशी थांबलेलं आहे. कुणाची बाजू घ्यावी, हे मला आजही ठरवता येत नाही.

माझ्या मापाला एक अपवाद आहे आणि तो मान्य करायला हवा. रोमेरोच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये (१९६८) जिवंत झालेल्या मुडद्यांसमोर रात्रभर तग धरलेल्या बेनला सकाळी माणसंच गोळी घालतात. दहा वर्षांनी आलेल्या ‘डॉन ऑफ द डेड’मध्ये जुनं कुणीच नाही, तरी तो भक्कम उभा राहतो. कदाचित तिथे वाचलाय तो समाजच, आणि तो मॉलमध्ये दारं लावून बसलाय.

‘सायको २’ लिहिणाऱ्या याच टॉम हॉलंडने १९८८मध्ये ‘चाइल्ड्स प्ले’ दिग्दर्शित केला. त्यातला सहा वर्षांचा अँडी साकारणारा अ‍ॅलेक्स व्हिन्सेंट २०१३च्या ‘कर्स ऑफ चकी’मध्ये परत येतो. श्रेयनामावली संपते, टपालाने आलेल्या खोक्यातून चकी, खुनी शिरलेला तो बाहुला, बाहेर पडतो, आणि मोठा झालेला अँडी बंदूक रोखून तयार उभा असतो. पंचवीस वर्षं तो पोरगा सावध राहिला होता! या एका दृश्यासाठी मी ती मालिका दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

बाहुल्यात शिरलेल्या खुन्याच्या त्याच कल्पनेवर महेश कोठारेंनी १९९३मध्ये ‘झपाटलेला’ केला होता, आणि त्याचा दुसरा भाग, थ्रीडीत, नेमका २०१३मध्येच आला. तात्या विंचू परत आला, रामदास पाध्यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज. पहिल्या भागात लक्ष्या झालेले लक्ष्मीकांत बेर्डे मात्र २००४मध्येच गेले होते. चष्मा लावून मी बाहुला बघत होतो आणि शोधत होतो लक्ष्याला. पन्नाशीतला, केस पिकलेला, अंधारात जरा खुट्ट झालं की दचकणारा.