तुम्हाला काय गरज?

गेल्या वर्षीपर्यंत आमच्या बाथरूमच्या फळीवर अंगाचा साबण, बाबांचं दाढीचं सामान आणि खोबरेल तेल एवढंच असायचं. आता तिथे माझ्या एकटीच्या सहा बाटल्या आहेत. तेलाचा क्लेन्झर, फेसाचा क्लेन्झर, टोनर, गोगलगायीच्या स्रावाचं एसेन्स, सिरम, मॉइश्चरायझर. सातवी वस्तू सनस्क्रीन, ती पर्समध्ये असते. सगळं कोरियन. आई आंघोळीला जाताना त्या बाटल्या एका बाजूला सारते आणि दर वेळी तेच विचारते, "यातली गोगलगाय कुठली?" आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो. गोगलगाय तोंडाला लावायची की नाही, यावर मात्र शास्त्रात काही सापडत नाही म्हणून ती गप्प आहे.

आधी कबूल करते, मला फरक पडला. हनुवटीवरचे फोड कमी झाले, जुने डाग फिकट झाले. त्यात गोगलगायीचा वाटा किती आणि मी लिंबू चोळणं, तोंड खसाखसा घासणं बंद केलं याचा किती, ते सांगता येणार नाही. मला वाटतं, निम्म्याहून जास्त श्रेय रोजच्या सनस्क्रीनचं असावं. शिवाय रात्रीची ती दहा मिनिटं मला आवडतात. अंबडच्या कंपनीत दिवसभर बिलं तपासून आल्यावर कुणीही काहीही मागत नाही अशी ती दहाच मिनिटं असतात.

तेव्हा हा लेख 'बाजाराने आपल्याला कसं फसवलं' या जातीचा नाही. मला एका वाक्याबद्दल लिहायचं आहे, जे डिसेंबरमध्ये माझ्या तोंडून गेलं.

पंचवटीत एक लग्न होतं, त्यासाठी मामी दिंडोरीकडून आदल्या दिवशी मुक्कामाला आल्या. त्यांची दोन एकर द्राक्षबाग आहे. मजूर लावतात, पण स्वतःही सकाळपासून बागेत असतात. रात्री तोंड धुवायला गेल्या आणि बाटल्या बघून बाहेर आल्या. "काय गं, एवढ्या लावतेस?" मी हौसेने एकेक समजावून सांगितली. सनस्क्रीनपाशी त्या थांबल्या. नळी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाल्या, "हे उन्हात चालतं का? मलापण सांग ना एखादं."

मी म्हणाले, "तुम्हाला काय गरज, मामी?"

आवाज गोडच होता. 'तुम्ही अशाच छान दिसता' या चालीवर म्हटलं होतं मी. मामी हसल्या, नळी जागेवर ठेवली, विषय संपला. माझ्या डोक्यात मात्र तो संपला नाही.

कारण मामींच्या दोन्ही गालांवर वांग आहे. तपकिरी, कडेला पसरत गेलेला. वांग उन्हाने वाढतो आणि त्यावरच्या कुठल्याही उपचाराची सुरुवात ऊन टाळण्यापासून होते, हे मला चांगलं माहीत होतं. वर्षभर मी मोबाइलवर दुसरं काय बघत होते? माझ्या ऑफिसात खिडकीला पडदे आहेत, एसी आहे. गंगापूर रोडवरून स्कूटरने जाताना नाशिकच्या सगळ्या मुलींसारखा माझाही फक्त डोळे उघडे ठेवणारा स्कार्फ असतो. तरी मी 'एसपीएफ ५०' लावते, तेही दोन बोटं भरून. आणि जी बाई दिवसभर उघड्यावर असते तिला मी विचारते, गरज काय.

द्राक्षबागेत जवळून बघितलं असेल तर तुम्हाला माहीत असेल, त्वचेची काळजी म्हणजे काय ते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड निघाले की त्यांची विरळणी होते, म्हणजे दाटीतले मणी काढून टाकतात. मणी लांबट आणि मोठा व्हावा म्हणून घड जीएच्या द्रावणात बुडवतात. एकेक घड, हाताने. पुढे थंडी वाढली की काही वाणांचे मणी गुलाबी पडतात आणि परदेशी पाठवायला ते चालत नाहीत, म्हणून घडांना कागद गुंडाळतात. मण्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजली जाते, सालीवर डाग दिसला तर माल बाजूला. सालीवरची ती पांढुरकी लव पुसली जाऊ नये म्हणून काढणीच्या वेळी घड देठाला धरूनच उचलतात. मामींचे हात हे सगळं वर्षानुवर्षं करत आले आहेत. घडाला कागद आणि मामींना ओढणी, असा तो हिशेब आहे. मी तो हिशेब मांडलेला नव्हता, पण त्या रात्री मीही त्याच हिशेबाने बोलले.

मग प्रश्न असा पडला की 'गरज' म्हणताना माझ्या डोक्यात नेमकं काय होतं. त्वचेची गरज नक्कीच नव्हती, ती मामींचीच जास्त होती. माझ्या डोक्यात होता चेहरा कुणाला दाखवायचा आहे हा हिशेब. माझं लग्न व्हायचं आहे, मी मीटिंगमध्ये कॅमेऱ्यासमोर बसते, मी फोटो टाकते. मामी पन्नाशीच्या. त्यांच्याकडे आता कोण बघणार? हे मी मोठ्याने कधीच म्हटलं नसतं. पण 'तुम्हाला काय गरज' या वाक्याचा दुसरा कुठलाही अर्थ मला आजतागायत लागलेला नाही.

आणि मी तर वर्षभर सगळ्यांना सांगत होते की हे मी स्वतःसाठी करते!

'स्वतःसाठी' या शब्दाची एक नेहमीची परीक्षा सांगतात: निर्जन बेटावर असतीस तर लावलं असतंस का? ती परीक्षा मला फसवी वाटते. निर्जन बेटावर मी केसही विंचरले नसते आणि मराठीही बोलले नसते. माणसांत राहण्यासाठी आपण जे करतो ते सगळं खोटं ठरत नाही. दिवाळीच्या पहाटे आजी उटणं लावायची तेव्हा 'हे कुणासाठी' असं कुणी विचारलं नाही. (कोरियातही पूर्वी मूग दळून त्या पिठाने तोंड धुवायचे. आजीच्या डाळीच्या पिठाची ही चुलत बहीणच. आणि 'सिका' म्हणून मी अकराशे रुपयांना जी बाटली घेतली त्यातली वनस्पती म्हणजे आपल्याकडे ओलाव्याला उगवणारा कारिवणा, हे कळल्यावर आई दोन दिवस खुशीत होती.)

प्लेटोच्या 'गॉर्गियस'मध्ये सॉक्रेटिस साजशृंगाराला खुशामतीच्या रांगेत बसवतो. त्याचं म्हणणं, शरीर खरंच निरोगी करणारी विद्या म्हणजे व्यायाम, आणि रंगरंगोटी ही त्या व्यायामाची नक्कल. व्यायामाने येणारी कांती ती उसनी दाखवते. लिपस्टिकबद्दल हे पटकन पटतं. पण कोरियन पद्धतीची खुबी अशी की ती स्वतःला व्यायामाच्या बाजूला उभी करते. आम्ही काही झाकत नाही, ती म्हणते, आम्ही त्वचाच सुधारतो. रोज, न चुकता, धीर धरून. म्हणजे सॉक्रेटिसचा आक्षेप तिने आधीच मान्य करून टाकला आहे.

अडचण तिथूनच सुरू होते. मेकअप न करणारी बाई फक्त मेकअप न केलेली असते. पण त्वचा हा व्यायामाचा, शिस्तीचा विषय झाला की जिच्या गालावर डाग आहे ती आळशी ठरते. इंग्लंडमधल्या तत्त्वज्ञ हेदर विडोज यांनी २०१८ साली 'परफेक्ट मी' या पुस्तकात हेच मांडलं आहे: सौंदर्य आता निव्वळ आवडीनिवडीचा मामला राहिलेला नाही, ते नैतिक आदर्श झालं आहे. त्यात कमी पडणाऱ्याला आपण चुकलो असं वाटतं. मी याची साक्ष देऊ शकते. एखाद्या रात्री तोंड न धुता झोपले तर सकाळी मला जी बोचणी लागते, ती खोटं बोलल्यावर लागते त्याच जातीची असते. खोटं बोलल्यावर कधी कधी लागतही नाही.

आपल्याकडे १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' आली. तिचं म्हणणं उघड होतं, गोरी हो. २०२० साली तिच्या नावातलं 'फेअर' गेलं आणि 'ग्लो' आलं. आम्ही मुलींनी टाळ्या वाजवल्या. पण गोरेपणाला निदान दोष देता यायचा, की बाई, जन्मतः मिळालेला रंग माझ्या हातात कुठे आहे? 'ग्लो' तर म्हणे मेहनतीने येतो. काचेसारखी त्वचा आली नाही तर आता जन्माला बोल लावायचीही सोय नाही.

ज्या देशातून या बाटल्या येतात तिथल्या बायकांना हे आपल्याआधी कळलं होतं. २०१८च्या सुमारास दक्षिण कोरियात अनेक तरुणींनी लिपस्टिका मोडून, पावडरी चुरडून त्यांचे फोटो टाकले, केस बारीक कापले. त्या चळवळीचं नाव होतं 'कॉर्सेट उतरवा'. तिथे नोकरीच्या अर्जात उंची-वजन विचारणं इतकं सर्रास चालायचं की २०१९ साली कायदा बदलून ते थांबवावं लागलं. हे वाचून मी माझ्या बाटल्या फोडल्या का? नाही. साडेचार हजारांचा माल आहे, आणि त्या दहा मिनिटांवर माझं अजून प्रेम आहे.

पण एक गोष्ट मला तपासावीशी वाटली. या वर्षभरात माझ्या चेहऱ्याचं काय झालं ते मी रोज आरशात बघत होते. माझ्या नजरेचं काय झालं? सीबीएसला बसची वाट बघताना मी लोकांची छिद्रं बघते. शेजारच्या मुलीच्या कपाळावरचे फोड बघून मनातल्या मनात घटकद्रव्य सुचवते. मैत्रीण रडत काही सांगत होती, तेव्हा तिच्या डोळ्यांखालची त्वचा कोरडी पडल्याचं मला आधी दिसलं. मामी आल्या तेव्हाही मी त्यांचा वांग पहिल्या क्षणी टिपलेला होता. दिसला होता, आणि तरी 'गरज' दिसली नव्हती. एवढी तयार केलेली नजर, पण ती माणसाचा हिशेब एका झटक्यात करून मोकळी झाली.

शाळेत चोखोबांचा उसाचा अभंग आम्ही गुणांसाठी पाठ केला. बाईंनी त्याचा अर्थ सांगितला तो सावळ्या मुलींना धीर देण्यासारखा: दिसण्यावर जाऊ नये, गुण महत्त्वाचे. मला आता वाटतं तो धीर नव्हताच. ज्याला देवळाबाहेर उभं केलं होतं तो माणूस बघणाऱ्याला जाब विचारत होता. त्यात बघितल्या जाणाऱ्यासाठी काहीच सूचना नाही. आम्ही मुलींनी ती सगळी स्वतःला लावून घेतली.

जानेवारीत मी मामींसाठी दोन नळ्या घेतल्या. कोरियन नाही, आपल्याकडच्याच, मोठ्या. त्याआधी हिशेब केला होता. दर दोन तासांनी दोन बोटं, दिवसाचे आठ-नऊ तास. माझ्यावाली छोटी नळी त्यांना दोन आठवडेसुद्धा पुरली नसती. ही चीज सावलीतल्या माणसाच्या खिशाला परवडेल अशाच मापात बनते. बरोबर चिठ्ठीही दिली, कधी लावायचं, किती लावायचं. चिठ्ठीत माफी मागायची होती, पण ते वाक्य जमेना. शेवटी 'तुम्ही मागितलं होतं ना' एवढंच लिहिलं.

महिन्याने फोन केला. काढणी जोरात होती, मागे बायकांचे आवाज येत होते. मी विचारलं, "लावता ना?"

"पहिले चार दिवस लावलं गं," मामी म्हणाल्या. "पण घामाबरोबर डोळ्यात उतरतं, लई चुरचुरतं. हात जीएचे, औषधाचे, डोळा चोळता पण येत नाही. मग आता बाजाराच्या दिवशी लावते." जरा थांबून म्हणाल्या, "न चुरचुरणारं मिळतं का बघ."

मी शोधते आहे. कॉलेज रोडवरच्या दोन दुकानांत विचारून झालं. दोन्हीकडे पोरींनी आधी विचारलं, "स्किन टाइप कुठला?" मी म्हटलं, घाम येणारा. त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे.