जाण्याची वाट मोकळी असताना

डहाणू-तलासरीची तरुण पोरं उंबरगाव, वापीकडच्या कारखान्यांत कामाला जातात. त्यांच्याबद्दल एक तक्रार नेहमी कानावर येते : पोरं टिकत नाहीत. माणूस कामावर कशाने टिकतो, याचा निवाडा याच भागात पूर्वी एकदा झालेला आहे.

1945 पूर्वीचा वारली जमीनदाराकडे जन्मभर टिकत होता. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्या दारी राबायचं. असा लग्नगडी सोडून जाईल, ही भीतीच मालकाला नव्हती. मे 1945 मध्ये आताच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी किसान सभेच्या परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारली. मग गवतकापणीचा संप आला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी. 10 ऑक्टोबरला तलवाड्यात गोळीबार होऊन जेठ्या गांगड मारले गेले. पुढारी हद्दपार झाले. तरीही संघटना फुटली नाही.

या संपात पगार नव्हता, उलट रोजी बुडत होती. मग माणसं टिकली कशी? किसान सभेच्या पुढारी गोदावरी परुळेकर पाड्यापाड्यांतून पायी हिंडल्या, झोपड्यांत राहिल्या, असेल ते खाल्लं. आपलं ऐकलं जातं आणि ठरवताना आपल्याला धरलं जातं, हा अनुभव वारल्यांना पहिल्यांदा आला.

आज कारखान्यात जाणारी ही पोरं कुणाकडे गडी म्हणून बांधलेली नाहीत. म्हणूनच टिकवण्याची जबाबदारी आता मालकाकडे आली आहे. पगार वेळेवर हवा, जादा तासांना कायद्याने ठरलेला दुप्पट दर हवा. त्यावाचून पुढचं बोलणंच नको. पण तेवढ्याने भागत नाही. जुलैत घरी भाताची आवणी निघते. चिखल तयार, रोपं उपटून ठेवलेली, आणि हात कमी. पोरगा चार दिवस मागतो. एक सुपरवायझर म्हणतो, ‘गेलास तर येऊ नकोस.’ पोरगा जातोच, आणि हजेरीपुस्तकात बेभरवशाचा ठरतो. दुसरा जूनमध्येच पाळ्या लावतो : या आठवड्यात तू, पुढच्यात तो. पोरं दोन्हीकडे सारखीच. फरक पाळ्या लावणाऱ्यात.

खाडे आणि पळापळ यांचा हिशेब ठेवणाऱ्यांनी म्हणून आणखी एक रकाना आखावा : पोरगा कुणाच्या हाताखालून गेला? तिथे तेच नाव पुन्हा पुन्हा येऊ लागलं, तर नवी भरती थांबवून आधी त्या माणसाशी बोलावं.