बालकांचा चित्रफलक आणि अमानित्व

आष्टा (जि. सांगली) येथून आमच्याकडे एक प्रश्न आला आहे. तेथील काही वारकरी घरांतील चोवीस मुले दर रविवारी हरिपाठाला एकत्र बसतात. पाठ झाला की चित्रे काढतात. कुणी दिंडी काढतो, कुणी बेंदराचा बैल, कुणी उसाने भरलेली गाडी. ही चित्रे लावण्यासाठी घरच्या घरी एक फलक करावा असे ठरले, आणि तेथेच दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणतो, "चांगली चार निवडून लावा, म्हंजे बाकीची पोरं ईर्षेनं शिकतील." दुसरा म्हणतो, "लावूच नका. वारकऱ्याच्या पोराला मिरवायची सवय कशाला?" हा वाद चालू असता एका मुलाने आपला कागद घडी घालून गुपचूप खिशात ठेवला, असेही पत्रात आहे. त्या घडीसाठीच हा विचार आम्ही करीत आहो.

दुसरा पक्ष आधी घेऊ, कारण त्याच्या हाती शास्त्र आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना पहिले अमानित्व आणि दुसरे अदंभित्व घातले आहे, व श्रीज्ञानोबारायांनी त्यांचा मोठा विस्तार केला आहे. मान मागू नये, केल्या कर्माचा डांगोरा पिटू नये, ही आपली शिकवण. हल्ली चौकाचौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, त्यांवरचे चेहरे पाहिले म्हणजे या मंडळींची धास्ती खोटी म्हणवत नाही. तरी एक शंका उरते. जे जवळ नाही त्याचा त्याग कसा करणार? उपाशी माणसाचे न जेवणे एकादशी होत नाही. तद्वत् ज्याच्या कागदाकडे कुणी पाहिलेच नाही, त्या लेकराचे गप्प बसणे हे अमानित्व नव्हे, ते खट्टू होणे आहे. आणि खट्टू झालेले मूल पुढे मानाच्या मागे अधिकच लागते, हे आपण घरोघर पाहतो.

आता पहिला पक्ष. चार निवडावीत म्हणणाऱ्यांनी नामदेवरायांची बालपणीची कथा आठवावी. वडील दामाशेटी घरी नव्हते, म्हणून लहानगा नामा नैवेद्य घेऊन राउळात गेला आणि देवाने जेवावे म्हणून हटून बसला. देव जेवला. ताट नीट वाढले आहे की नाही, मंत्र बरोबर म्हटला की नाही, याची परीक्षा देवाने केली नाही. पण हेच नामदेव मोठे झाल्यावर संतांच्या मेळ्यात काय झाले? मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेतले, एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले, आणि हे मडके कच्चे आहे असा निवाडा नामदेवांविषयी दिला. तेव्हा ते विसोबा खेचरांकडे गेले आणि गुरुकृपेला पात्र झाले.

या दोन कथा एकत्र ठेवल्या म्हणजे आमचे उत्तर त्यांत सापडते. परीक्षा आहे, पण तिला वेळ आहे. आधी घेणे, मग पारखणे. कुंभारसुद्धा मडके थापटतो तेव्हा आतून एका हाताचा आधार देतो, आणि चाकावरच्या ओल्या मातीला तर थापटणे लावीतच नाही. सात-आठ वर्षांचे मूल चाकावर आहे. त्याचा हात सुधारायचा तर शेजारी बसून रेघ शिकवावी, ती शिकवण चालूच ठेवावी. फलक ही मात्र परीक्षेची जागा नव्हे, नैवेद्याची जागा आहे. तेथे निवड नको.

असे ठरले की फलक कसा करावा हेही आपोआप ठरते. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी महागडी साधने बाजूला ठेवून बिया, खडे, पाने यांवर बालवाडी उभी केली. आपणही दुकानात जाऊ नये. कळकाचे दोन लांब व दोन आखूड दांडे सुतळीने बांधून ८ फूट लांब आणि अडीच फूट उंच अशी चौकट करावी. हळदीची किंवा धान्याची रिकामी तागाची पोती उसवून, धुऊन, वाळवून, दाभणाने जोडून त्या चौकटीवर ताणून शिवावी. प्लॅस्टिकचे पोते घेऊ नये, ते चुरगळते. गोणपाट ढिले वाटले तर चिंचोक्याची खळ पाठीमागून लावावी. पुढे आडव्या तीन सुतळ्या ओढाव्या आणि प्रत्येक सुतळीवर आठ चित्रे कपड्यांच्या चिमट्यांनी लावावी. तीन आठे चोवीस. जितकी मुले तितक्या जागा, एकही कमी नाही. टाचण्या नकोत, त्या लहान हातांना बोचतात आणि कागदालाही भोके पडतात.

उंचीचा विचार विशेष करावा. फलकाची खालची कड जमिनीपासून दीड फुटावर असावी, म्हणजे वरची कड चार फुटांवर येते आणि प्रत्येक मुलाचा हात पोचतो. मोठ्या माणसाच्या डोळ्यांपुढे टांगलेली चित्रे मोठ्यांच्या मिरवण्यासाठी असतात. थोरांना पाहायचे असेल तर त्यांनी वाकावे. ज्यांचा नैवेद्य देवाने खाल्ला ते नामदेवराय पंढरीत महाद्वाराच्या पायरीशी आहेत, तेथे वाकण्याची आपल्याला सवय आहेच.

कुणी विचारील, चित्रावर नाव घालावे की नाही? आपले संत अभंगाच्या शेवटी आपले नाव घालीत आले. ती फुशारकी नव्हती, हे बोल माझे, याचा भार माझ्यावर, अशी ती साक्ष होती. मुलाने आपल्या हाताने कोपऱ्यात नाव लिहावे, सर्वांचे सारखे लहान. पहिला-दुसरा नंबर लिहू नये. ज्याचे चित्र झाले नाही त्याची जागा नावाशिवाय मोकळी राहू द्यावी आणि चिमटा तेवढा लावून ठेवावा. पुंडलिकाला सवड नव्हती तर प्रत्यक्ष पांडुरंग विटेवर थांबला. आपल्याला एका पोरासाठी पंधरा दिवस थांबता येईल.

शुद्ध आणि वद्य, दोन्ही एकादशींना चित्रे बदलावी. मुलांनी स्वतः उतरवावी, वरची ओळ खाली यावी, आणि उतरलेले चित्र ज्याचे त्याला द्यावे. हे आपल्याकडे नवे नाही. बेंदराचे मातीचे बैल पुजून झाले की ठेवून देत नाहीत, दिवाळीचा किल्ला अंगणात पुढे ढासळतो, दारची रांगोळी दुसऱ्या दिवशी सारवणाखाली जाते. केले, दाखवले, सोडले. अमानित्वाचा पहिला धडा याहून सोपा कोणता? पण तो धडा 'दाखवले' हे मधले पाऊल गाळून येत नाही.

फलकाने अहंकार जाईल असे मात्र आम्ही म्हणत नाही. लेकरू शेजारच्या चित्राकडे तिरके पाहणारच, आणि आईची नजर आपल्याच पोराच्या कागदावर आधी जाणार. म्हणून थोरांनी तोंड सांभाळावे. "वा, सगळ्यांत झकास!" असे न म्हणता "काय काढलंयस रं बाळा? सांग की," असे विचारावे आणि मग खरोखर ऐकावे. स्तुतीने मूल फुगते आणि ऐकण्याने मोकळे होते.

आष्ट्याच्या मंडळींस आमचे इतकेच सांगणे की फलक अवश्य करावा, चोवीस जागांचा करावा, आणि पहिल्या दिवशी ती खिशातली घडी उलगडून घ्यावी. कागदावर घडीची रेघ राहील, ती तशीच राहू द्यावी. चित्र लावताना त्या मुलाला कोणती सुतळी हवी ते त्यालाच विचारावे.

॥ रामकृष्ण हरि ॥